‘हार्क! द हेरल्ड’ची चाल: चौकातले गाणे नाताळात कसे आले आणि ते नीट कसे गावे

२४ जून १८४० रोजी लाइपझिगच्या बाजारचौकात, उघड्या आभाळाखाली, पुरुषांचे दोन गायनवृंद उभे होते. साथीला पितळी वाद्ये होती. निमित्त नाताळचे नव्हते, कुठल्याच धार्मिक सणाचे नव्हते. योहानेस गुटेनबर्गने सुटे खिळे जुळवून छपाई सुरू केली त्याला चारशे वर्षे झाली, असे धरून शहर उत्सव करत होते. लाइपझिग हे छापखान्यांचे आणि पुस्तकांच्या व्यापाराचे गाव, त्यामुळे हा उत्सव तिथे घरच्या कार्यासारखाच. गेवांडहाउस वाद्यवृंदाचा संचालक फेलिक्स मेंडेल्सोन तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याने या समारंभासाठी ‘फेस्टगेझांग’ म्हणजे उत्सवगीत रचले. त्याचे भाग चार. पहिला आणि चौथा भाग जुन्या लूथरन भजनांच्या चालींवर बांधलेला होता. दुसरा भाग मात्र साधे, खुले, देशाभिमानाचे गाणे होते. गुटेनबर्ग या जर्मन माणसाने मशाल पेटवली, असे त्याचे शब्द. आज जगभर ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ या नाताळगीताला जी चाल आहे, ती या दुसऱ्या भागाची.

चाल समजून घ्यायची असेल तर हा चौक डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मोकळ्या जागेत आवाज घुमत नाही, तो विरून जातो. तिथे नाजूक हरकती, बारीक स्वरवाक्ये कामाची नाहीत. दूरवर पोचते ते काय? एकाच स्वरावर दोनदा-तीनदा ठोकून म्हटलेले शब्द, तुतारीला सोपे जाणारे स्वर (सा, ग, प), आणि पावलाला पाऊल लागेल असा चार मात्रांचा ठेका. या चालीत हे सगळे आहे. तिची ताकद त्यातून आली आणि गाताना ती जिथे फसते त्या जागाही त्यातूनच आल्या.

मेंडेल्सोनला स्वतःला हे पक्के ठाऊक होते. १८४३ च्या एप्रिलमध्ये त्याने लंडनच्या प्रकाशकाला पत्र लिहिले. या दुसऱ्या भागाला वेगळे शब्द मिळायला हवेत, योग्य शब्द सापडले तर गाणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना तो फार आवडेल, पण धार्मिक शब्द त्याला कधीच चालणार नाहीत, असे त्याने त्यात म्हटले. चालीची चाल शिपायाची आहे, म्हणून विषय राष्ट्रीय आणि आनंदी हवा, असा त्याचा आग्रह. १८४७ च्या नोव्हेंबरात, ३८ व्या वर्षी तो गेला. आपल्या चालीवर येशूच्या जन्माचे गीत त्याने कधी ऐकले नाही. निष्कर्षात तो चुकला, पण निदानात नाही. ही चाल आजही शिपायासारखीच चालते, आणि कोणी ती संथ, भाविक करून गायली की मेंडेल्सोनचे म्हणणे लगेच पटते.

आता शब्दांकडे. ते चालीपेक्षा शंभर वर्षांनी जुने. इंग्लंडातल्या मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीतला कवी चार्ल्स वेस्ली याने १७३९ मध्ये नाताळच्या दिवसासाठी चार-चार ओळींची दहा कडवी छापली. त्यांची सुरुवात निराळी होती: ‘हार्क हाउ ऑल द वेल्किन रिंग्ज’. वेल्किन म्हणजे आकाशाचा घुमट, आणि हा शब्द तेव्हाही जुनाटच वाटे. सगळे आकाश राजाधिराजाच्या गौरवाने दुमदुमते आहे, असा त्या ओळींचा अर्थ. जॉर्ज व्हाइटफील्ड हा वेस्ली बंधूंचा ऑक्सफर्डपासूनचा सोबती. त्याने १७५३ च्या आपल्या गीतसंग्रहात या दोन ओळी बदलल्या आणि तिथे गाणारे देवदूत आणि नवजात राजा आणला. वेस्ली बंधूंना आपल्या गीतांत कोणी हात घातलेला रुचत नसे. थोरला भाऊ जॉन याने पुढे, १७८० च्या गीतसंग्रहाच्या प्रस्तावनेत, आमची गीते सुधारायला जाऊ नका, असे छापूनच टाकले. इथे त्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत देवाची स्तुती करत ‘म्हणाले’ असे आहे. ते गायले असा उल्लेख तिथे नाही. तरीही व्हाइटफील्डने केले ते बरेच झाले असे म्हणावे लागते. वेल्किन हा शब्द जिभेवर घेऊन कोणतीही मंडळी मोकळ्या गळ्याने गायली नसती.

आज आपण तीन कडवी गातो, आणि प्रत्येक कडव्यात वेस्लीची दोन छोटी कडवी जोडलेली असतात. म्हणजे मुळातल्या दहापैकी साधारण सहा उरली. प्रत्येक मोठ्या कडव्याच्या शेवटी पहिल्या दोन ओळी ध्रुवपदासारख्या परत येतात. दहा ओळींचा हा साचा मेंडेल्सोनच्या चालीत बरोबर बसतो.

हे बसवण्याचे काम केले विल्यम हेमन कमिंग्ज याने. लंडनच्या उत्तरेला वॉल्थम ॲबी नावाचे प्राचीन चर्च आहे, तिथे तो ऑर्गन वाजवी. १८४७ मध्ये लंडनला मेंडेल्सोनच्या स्वतःच्या हाताखाली त्याचे ‘एलाया’ हे वाद्यवृंद आणि गायनवृंदासाठीचे मोठे धार्मिक काव्य सादर झाले, तेव्हा वृंदातल्या मुलांत कमिंग्ज होता. आठ वर्षांनी, १८५५ मध्ये, ‘फेस्टगेझांग’चे कागद चाळताना वेस्लीचे शब्द त्यावर चपखल बसतात हे त्याच्या ध्यानात आले. पुरुषांच्या चार आवाजांची मांडणी त्याने स्त्री-पुरुषांच्या चार आवाजांत आणली आणि मुख्य चाल वरच्या आवाजाला दिली. पुढच्या वर्षी ती छापली गेली. १८६१ मध्ये इंग्लंडभर पसरलेल्या एका मोठ्या स्तोत्रसंग्रहाने हीच जोडी उचलली आणि मग दुसऱ्या चाली मागे पडल्या. स्तोत्रसंग्रहात चालींना स्वतंत्र नावे असतात, आणि या चालीचे नाव नुसतेच ‘मेंडेल्सोन’ असे आहे.

एकाचे शब्द, दुसऱ्याची चाल, तिसऱ्याची जुळणी. पहिल्या दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही, कारण वेस्ली वारला तो मेंडेल्सोनच्या जन्माआधी २१ वर्षे. मग हे जुळते कसे? मराठी माणसाला हे कळायला अभंगाचे उदाहरण पुरे. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. एकदा हा साचा ठरला की एकाच अभंगाला दहा चाली लागतात आणि एका चालीवर शंभर अभंग म्हणता येतात. इंग्रजी स्तोत्रांतही तसेच आहे. स्तोत्रसंग्रहात चालीच्या वर आकडे छापलेले असतात, तो हा साचा. या गीताचा साचा सात-सात-सात-सात, तो दोनदा, आणि वर ध्रुवपद. फरक एवढाच की इंग्रजीत नुसती अक्षरे मोजून भागत नाही, आघातही जुळावा लागतो. इथे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या अक्षरावर जोर येतो: हार्क-द-हे-रल्ड-एन-जल्स-सिंग.

हे सात अक्षरांचे गणित सांभाळताना काही शब्द दाबलेले आहेत, आणि गाणारे तिथेच अडखळतात. ‘विथ द एंजेलिक’ असे सुटे म्हटले तर ओळ आठ अक्षरांची होते. छापील प्रतीत तिथे स्वर गाळल्याचे चिन्ह असते. ‘द’ आणि ‘एन’ मिळून एकच अक्षर करायचे, ‘द्यॅन’च्या जवळ जाणारे. तिसऱ्या कडव्यात ‘हेवन’ हा शब्द ‘हेव्न’ असा एका अक्षरात म्हणायचा, ‘रिझन’ हा ‘रिझ्न’ असा. त्याच कडव्यात ‘सन ऑफ राइचसनेस’ येते. तिथला ‘सन’ म्हणजे पुत्र नव्हे, सूर्य. बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पंखांमध्ये आरोग्य घेऊन उगवणारा नीतिमत्तेचा सूर्य आहे, तो हा. मराठीत अर्थ सांगताना ही चूक वारंवार होते, आणि मग दोन ओळींनंतर येणाऱ्या पंखांचा अर्थच लागत नाही.

आता चाल ओळीओळीने बघू. खाली टिंब असलेला स्वर मंद्र सप्तकातला, वर टिंब असलेला तार सप्तकातला. सगळे स्वर शुद्ध आहेत. छापील प्रतींत ही चाल बहुधा जी मेजरमध्ये असते, म्हणजे पेटीवर पांढरी पाच. चाल वाजवताना काळी पट्टी एकच लागते, ती काळी तीन, निषादासाठी.

१. प़ सा सा नि़ सा ग ग-रे
२. प प प म ग रे ग
३. प़ सा सा नि़ सा ग ग-रे
४. प रे रे नि़ नि़ ध़ प़
५. प प प सा म ग ग-रे
६. प प प सा म ग ग-रे
७. ध ध ध प म ग म
८. रे ग-म प सा सा रे ग
९. ध ध ध प म ग म
१०. रे ग-म प सा सा रे सा

पहिली ओळ मंद्र पंचमावर सुरू होते आणि लगेच षड्जावर उडी घेते. अशी चौथ्याची उडी कानाला बहुधा ‘आधी उचल, मग सम’ अशी ऐकू येते. राष्ट्रगीते, कूचगीते यांत ती तशीच असते. इथे मात्र सम पहिल्याच स्वरावर आहे. मंडळी सवयीने दुसऱ्या स्वरावर, ‘द’ वर, जोर देतात आणि पहिल्या मात्रेपासून ठेका डळमळतो. खालचा स्वर स्त्रियांच्या आवाजाला दुबळाही पडतो, त्यामुळे ‘हार्क’ हा ‘ऐका!’ अशी हाक देणारा शब्दच ऐकू येत नाही. उपाय साधा आहे. ऑर्गन किंवा पेटीवर शेवटच्या दोन ओळी आधी वाजवायच्या, सगळ्यांनी एकत्र श्वास घ्यायचा आणि पहिला स्वर ठासून लावायचा.

तिसरे अक्षर दीड मात्रेचे, चौथे अर्ध्या मात्रेचे. ही शिपायाच्या पावलातली ठसक आहे. ती सपाट करून दोन्ही अक्षरे सारखी केली की चाल बालगीतासारखी वाटते. अर्धी मात्रा थोडी लांबवली तर चाल झुलायला लागते. टाळीने चार मात्रा धरून नुसते शब्द बोलायचे, दोन-तीन वेळा, आणि मगच स्वर लावायचे.

ओळीच्या शेवटी ‘सिंग’ या एका अक्षरावर दोन स्वर आहेत, गंधार आणि ऋषभ. ओळीत स्वर आठ आणि अक्षरे सात, म्हणून ही जोड. घाईत लोक ऋषभ गिळतात आणि तिथेच श्वास घेतात. ऋषभ पूर्ण मात्राभर टिकवला तर ओळ पुढच्या ओळीकडे ओढ घेते, कारण ऋषभावर थांबता येत नाही. दुसरी ओळ त्याचे उत्तर देते, पंचमावरून उतरून गंधारावर विसावते.

चौथी ओळ सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात बेसूर होणारीही तीच. इथे मेंडेल्सोन षड्ज हलवतो. मंद्र पंचमाला सा मानून ओळ वाचा: सां प प ग ग रे सा. मूर्च्छना बदलल्यासारखी चाल एका नव्या घरात शिरते. साथीच्या स्वरांत तीव्र मध्यम येतो (पांढरी पाचवरून काळी एक), तो या नव्या षड्जाचा निषाद. त्यामुळेच ‘देव आणि पापी यांचा समेट झाला’ या शब्दांवर खरोखर काहीतरी मिटल्यासारखे वाटते. पेटीवर नुसती चाल वाजवली तर हे कळतच नाही, ओळ उगाच खाली घसरल्यासारखी वाटते. तीव्र मध्यमाची जोड दिली की घर दिसते. गाणारे इथे निषाद उतरा लावतात, कारण तो त्यांना जुन्या घरातला निषाद वाटतो. तो नव्या घरातला गंधार आहे, म्हणून उजळ लागला पाहिजे.

चौथी ओळ मंद्र पंचमावर संपते आणि पाचवी मध्य पंचमावर उघडते. मधे पूर्ण सप्तकाची उडी. श्वासाची खरी जागा ही. इथे शेवटचे अक्षर थोडे आधी सोडून भरपूर श्वास घेतला नाही, तर पाचव्या ओळीचा पहिला स्वर चढतच नाही आणि ‘जॉयफुल’ हा शब्द दमलेला येतो. पाचवी आणि सहावी ओळ सारखीच. तीन पंचम सलग आहेत, आणि सलग सारख्या स्वरांवर वृंद नेहमी किंचित उतरतो. प्रत्येक पंचम आधीच्याहून कणभर वर आहे असे मनात धरून गायला सांगावे, मग तो जागेवर राहतो.

सातव्या ओळीत चालीचे शिखर, मध्य धैवत. इथेही तीन वेळा एकच स्वर. साथीचा बाज क्षणभर गंभीर होतो, आणि ओळीच्या अखेरीकडे साथीत कोमल ऋषभाची पट्टी (काळी चार) डोकावून जाते. ओरडणे टाळायचे. धैवत उंच आहे म्हणून तोंड रुंद करून ताणला की तो चढा आणि कर्कश होतो. जबडा सैल सोडावा. मंडळींचे आवाज खर्जाचे असतील, सकाळची पहिली उपासना असेल, तर सरळ पांढरी चारला उतरावे. तिथेही काळी पट्टी एकच लागते, काळी पाच, मध्यमासाठी.

आठवी आणि दहावी ओळ जवळजवळ जुळी. फरक फक्त शेवटच्या स्वराचा: आठवी गंधारावर उघडी राहते, दहावी षड्जावर मिटते. सराव नसला की निम्मे लोक आठव्या ओळीतच षड्जावर येऊन गाणे संपवतात. सरावात या दोन ओळी लागोपाठ, शब्दांशिवाय, चार वेळा म्हणून घ्याव्यात.

वेग मिनिटाला सुमारे १०० मात्रा ठेवावा. एका कडव्यात वीस आवर्तने, म्हणजे ८० मात्रा, म्हणजे ४८ सेकंद. तीन कडवी मिळून अडीच मिनिटांच्या आत संपतात. कडव्यांच्या मधे किती थांबायचे हे आधी ठरवून घ्यावे, नाहीतर वादक एका वेळी शिरतो आणि मंडळी दुसऱ्या वेळी. शेवटच्या षड्जाच्या दोन मात्रा पूर्ण मोजून वर दोन मात्रा श्वासाला दिल्या की पुरते.

मुंबई-पुण्याच्या चर्चमध्ये हे गीत इंग्रजीत गायले जातेच. मराठी शब्द याच चालीवर घालायचे झाले की मात्र कसोटी लागते. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीसाठी ओवी-अभंगाची वाट धरली, त्यात भाषेचा स्वभाव आपोआप राखला गेला. पाश्चात्त्य चालीत तो राखायला मेहनत पडते. मराठीत इंग्रजीसारखा ठाशीव आघात नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. म्हणून नियम असा धरावा: तिसरे अक्षर दीर्घ, कारण तिथे दीड मात्रा. चौथे ऱ्हस्व, कारण तिथे अर्धी. सातवे दीर्घ आणि उघड्या स्वराचे, कारण त्यावर थांबायचे आहे. आणि शब्दाचा विभक्तिप्रत्यय जोराच्या जागी येऊ द्यायचा नाही.

‘प्रभुच्या जन्माची गा’ ही ओळ घेऊन पाहा. अक्षरे सात आहेत, मोजणीत चूक नाही. पण तिसऱ्या जागी ‘च्या’ आला. दीड मात्रा त्याच्यावर गेली की ‘प्रभु-च्याऽऽ’ असे ऐकू येते, आणि ‘जन्माची’ हा शब्द मधोमध तुटतो. आता ‘आज गात दूत हे’ म्हणून बघा. तिसरे ‘गा’, चौथे ‘त’, शेवटी ‘हे’. बोलताना ‘आज’ एका ठोक्यात संपतो, पण पद्यात ‘आ’ आणि ‘ज’ दोन्ही पुरते उच्चारायचे. गाताना ‘ज’चा पाय मोडला तर पहिला षड्ज रिकामा पडतो.

दहाव्या ओळीत आणखी एक अडचण आहे. तिथे दुसऱ्या अक्षरावर ग-म असे दोन झटपट स्वर आहेत. त्या जागी तोंड मिटणारे अक्षर आले तर मध्यम ऐकूच येत नाही. ‘जन्मला प्रभू इथे’ ही ओळ लावून पाहा: ज वर ऋषभ, न्म वर ग-म, ला वर दीड मात्रेचा पंचम, प्र आणि भू वर षड्ज, इ वर ऋषभ, थे वर शेवटचा षड्ज. ‘न्म’मधला म्‌ झटकन सोडून त्याच्या अकारावर दोन्ही स्वर घेतले, तर ओळ ओढाताण न होता खाली उतरते.